नववीची हजेरी : शिकागोच्या सरकारी शाळांचा प्रकरण अभ्यास

१९८७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट शिकागोत आले आणि या शहराच्या शाळा देशात सगळ्यांत वाईट आहेत, असं जाहीरपणे बोलून गेले. त्याच वर्षी तिथे शिक्षकांचा १९ दिवसांचा संप होऊन गेला होता, आणि हायस्कूलला (तिथे नववी ते बारावी) आलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं शिक्षण अर्धवट टाकत होती. तीस वर्षांनंतर, २०१७ मध्ये, पाच वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ७७.५ टक्के झाल्याचं याच शहराने जाहीर केलं. २०११ मध्ये ते ५६.९ टक्के होतं. हा काळ काही सुखाचा नव्हता. २०१२ मध्ये शिक्षकांचा पुन्हा संप झाला, २०१३ मध्ये एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद झाल्या, आणि तिजोरीत तर कायमचा खडखडाट. तरीही हा आकडा चढला.

मी या प्रकरणाकडे ओढला गेलो तो त्यातल्या इयत्तेमुळे. शिकागोने सगळ्यांत जास्त ताकद लावली ती नववीवर, आणि मी बरीच वर्षं नववीचा वर्गशिक्षक आहे. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नसे, म्हणून नापासाचा पहिला शिक्का बसायचा तो नववीत. दहावीच्या निकालाचे फलक चौकात लागतात. नववीच्या निकालाचं तसं नसतं. त्या वर्षी किती मुलं वर्गातून हळूहळू नाहीशी झाली, हे वर्गशिक्षक आणि कॅटलॉग सोडून कुणालाच कळत नाही.

आठवी संपते तिथे

शिकागोत बालवाडीपासून आठवीपर्यंत बहुतेक मुलं एकाच शाळेत असतात. शाळा बऱ्याचदा घराजवळची, बाईंना थोरल्या बहिणीचंही नाव ठाऊक. नववीला मूल हायस्कूलला जातं आणि सगळंच बदलतं. इमारत मोठी, दर तासाला वेगळा शिक्षक आणि वेगळी खोली. काही मुलं बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. नववी ते बारावी अशी ही चार वर्षं. हायस्कूल पूर्ण केल्याच्या पदवीपत्रासाठी २४ श्रेयांक लागतात. वर्षभराच्या एका विषयाला एक श्रेयांक, म्हणजे सत्राला अर्धा. आपल्यासारखी शेवटी एकच बोर्डाची परीक्षा तिथे नसते. त्यामुळे मूल अडकतं ते विषयागणिक, सत्रागणिक. पहिल्या सत्रात बीजगणित गेलं, दुसऱ्यात इंग्रजी गेलं, की पुढच्या वर्षी ते नव्या विषयांबरोबर जुने विषयही डोक्यावर घेऊन चालतं. दोन वर्षांत हिशोब इतका मागे पडतो की शाळेत येण्यात त्याला अर्थ वाटेनासा होतो.

शिकागो विद्यापीठात १९९० पासून एक संशोधन गट केवळ या एका शहराच्या शाळांचा अभ्यास करतो आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सरकारं बदलली, शाळांचे प्रमुख बदलले, पण त्याच मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं त्याच संस्थेकडे जमत राहिल्या. त्या नोंदींवरून या गटातल्या एलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये एक साधा निकष तपासून मांडला. नववी संपताना ज्या मुलाकडे निदान पाच श्रेयांक आहेत, आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं या मुख्य विषयांत मिळून एका सत्रापेक्षा जास्त वेळा जे नापास झालेलं नाही, ते मूल रुळावर आहे. बाकीची मुलं रुळावरून घसरलेली.

रुळावर असलेल्यांपैकी ८१ टक्के मुलांनी चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केलं. घसरलेल्यांपैकी फक्त २२ टक्के मुलांना ते जमलं. याहून बोलका आकडा त्यातलाच आहे. आठवीच्या परीक्षेत सगळ्यांत खालच्या चौथाईत असलेली, पण नववीत रुळावर राहिलेली मुलं घ्या. त्यातली ६८ टक्के शेवटपर्यंत पोचली. आणि आठवीत सगळ्यांत वरच्या चौथाईत असूनही नववीत घसरलेल्यांपैकी ३७ टक्केच. आपण ज्यांना हुशार म्हणून निर्धास्त सोडतो आणि ज्यांना कच्ची म्हणून आधीच सोडून देतो, त्या दोन्ही मुलांबद्दल आपला अंदाज किती चुकतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

गैरहजेरी

मग मुलं नववीत नापास का होतात? घरची गरिबी, वस्तीतली गुंडगिरी, मागच्या इयत्तांचा कच्चा पाया, ही उत्तरं शिकागोच्या शिक्षकांकडेही तयार होती आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण २००७ च्या अभ्यासात वेगळंच समोर आलं. नववीतलं नापास होणं आठवीच्या गुणांपेक्षा हजेरीवरून आठपट चांगलं ओळखता येत होतं. आठवीत उत्तम गुण असलेलं, पण सत्रात दोन आठवडे वर्ग बुडवलेलं मूल, कमी गुण असलेल्या आणि एकच आठवडा बुडवलेल्या मुलापेक्षा जास्त विषयांत नापास होत होतं. ज्यांची गैरहजेरी सत्राला पाच दिवसांपेक्षा कमी, त्यांच्यातली ८७ टक्के मुलं पुढे हायस्कूल पूर्ण करत. ती पाच ते नऊ दिवसांवर गेली की प्रमाण ६३ टक्क्यांवर येई. नऊ दिवस! आपल्याकडे एका लग्नसराईत आणि एका जत्रेत तेवढे दिवस सहज जातात आणि कुणी त्याची दखलही घेत नाही.

२०१४ मध्ये याच गटाने आठवी आणि नववीची तुलना केली. विनापरवाना गैरहजेरी एका वर्षात जवळपास चौपट होत होती, आणि गुणांची घसरण सगळ्या थरांतल्या मुलांची होत होती, हुशारांचीसुद्धा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची बुद्धी काही आटत नाही. बदलतं ते एवढंच, की आठवीत मूल आलं नाही तर कुणीतरी घरी फोन करतं आणि नववीत कुणीच करत नाही. तास बुडवायचा की बसायचं, हे चौदा वर्षांच्या मुलावर सोडलं जातं.

हे वाचल्यावर मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. दिवाळीनंतर तो आलाच नाही. मला वाटलं, सुट्टीतच काहीतरी घडलं असणार. मार्चमध्ये निकालाची जुळवाजुळव करताना कॅटलॉग पुन्हा चाळला, तेव्हा दिसलं की जुलैपासून दर मंगळवारी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होती. मंगळवार आमच्या गावच्या बाजाराचा वार. तो भाजीच्या गाळ्यावर बसत होता. सप्टेंबरात बुधवारचीही गैरहजेरी सुरू झाली, कारण मंगळवारचा गणिताचा तास बुडाला की बुधवारी काही समजायचं नाही. त्या खुणा मीच केल्या होत्या, माझ्याच पेनाने. मी रोज हजेरी घेत होतो, पण ती वाचत नव्हतो.

आकड्याऐवजी नावं

शिकागोतली पुढची घडामोड मला या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. किती मुलं रुळावर आहेत, हा आकडा शाळांच्या मूल्यमापनात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आला होता. मुख्याध्यापकांना त्याबद्दल जाब विचारला जाई. पण तो आकडा जागचा फारसा हलला नाही. वर्ष संपल्यावर हातात पडणाऱ्या टक्केवारीचं शाळेने करायचं काय? ज्या मुलांची ती टक्केवारी, ती तोवर नापास झालेली असत.

२००८ च्या सुमारास, आर्नी डंकन शहराच्या शाळांचे प्रमुख असताना, केंद्रीय कार्यालयाने शाळांना याद्या पाठवायला सुरुवात केली. शाळा सुरू होण्याआधी एक यादी यायची : नव्याने येणाऱ्या मुलांपैकी कुणाची आठवीत हजेरी कमी होती, कोण कोणत्या विषयात अडखळलं होतं. मग वर्ष चालू असतानाच ठराविक आठवड्यांनी दुसरी यादी : आज कोण रुळावर आहे, कोण घसरतंय, कोणत्या विषयात. आणि आधीच नापास झालेल्यांसाठी तिसरी, बुडालेला श्रेयांक उन्हाळी वर्गात किंवा संध्याकाळच्या वर्गात कसा भरून काढता येईल याची. या सगळ्या याद्यांमध्ये मुलांची नावं होती.

नावं हातात आल्यावर बोलणं बदलतं. चाळीस टक्के मुलं घसरली म्हटलं की चर्चा वस्तीवर, पालकांवर, सरकारवर जाते. अमुक एक मुलगी फक्त पहिल्या तासाच्या विज्ञानात नापास होतेय आणि बाकी सगळीकडे ठीक आहे, असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : ती सकाळी वेळेवर का पोचत नाही? कधी उत्तर निघतं की धाकट्या भावाला शाळेत सोडून मग ती येते. असल्या अडचणीवर तास बदलून देण्यासारखा साधा उपाय असतो. शाळांनी नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट केले आणि त्यांच्या नियमित बैठका ठेवल्या. कुठे एका शिक्षकाकडे फक्त नववीची जबाबदारी दिली, कुठे दर काही आठवड्यांनी मुलाला स्वतःच्या गुणांचा तक्ता हातात देऊन त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. शिकागो विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाशी जोडलेला एक शाळांचा जथा मुख्याध्यापकांना हे काम शिकवत होता. सगळ्यांनी हेच करा, असा एक साचा वरून आला नाही, आणि ते बरंच झालं. एका हायस्कूलला जमलेली युक्ती दुसऱ्याला जमेलच असं नसतं.

गुण देण्याच्या पद्धतीवर मात्र वाद झाले. न दिलेल्या गृहपाठाला शून्य द्यायचं का? हिशोब करून पाहा. चार गृहपाठांत ८० गुण आणि पाचव्याला शून्य, तर सरासरी ६४. तिथे साधारण साठच्या खाली नापास, म्हणजे ज्याला विषय येतो ते मूल एका कागदापायी नापासाच्या काठावर येतं. काही शिक्षकांना शून्य काढून टाकणं म्हणजे मुलांना फुकट पास करणं वाटलं. माझं मत असं, की न दिलेला गृहपाठ उशिरा का होईना करून घ्यावा आणि मग गुण द्यावेत. त्यात शिक्षकाचा वेळ जातो हे खरं, पण शून्य देऊन मूल काहीच शिकत नाही.

निकाल, आणि त्यावरच्या शंका

२००७ मध्ये नववीतली ५७ टक्के मुलं रुळावर होती. २०१३ मध्ये ८२ टक्के. मुलांच्या हिशोबात हा फरक सहा हजार नऊशेच्या आसपास जातो. सगळ्यांत मोठी सुधारणा कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये झाली. ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी आशा सोडलेली असते तेच हे मुलगे. त्यांचं प्रमाण २००५ मधल्या ४३ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ७१ वर गेलं.

पहिली शंका उघड आहे : शिक्षकांनी हात सैल सोडून सगळ्यांना वर ढकललं असेल. मेलिसा रॉडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या अहवालात हीच शंका तपासली. आधी सुधारलेल्या शाळांमधली मुलं त्यांनी पुढच्या वर्षांत शोधली. नुसतं ढकललं असतं तर ती दहावी-अकरावीत कोसळायला हवी होती. तशी ती कोसळली नाहीत. सगळ्यांत आधी सुधारलेल्या तीन शाळांमध्ये हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ८ ते २० टक्केबिंदूंनी वाढलं. तेव्हा अकरावीत होणाऱ्या एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे सरासरी गुणही खाली आले नाहीत. एरवी शाळा सोडून गेली असती अशी कितीतरी कच्ची मुलं आता त्या परीक्षेला बसत होती, हे लक्षात घेतलं तर ते मोठंच आहे.

दुसरी शंका मात्र खरी ठरली. २०१५ मध्ये शिकागोचं सार्वजनिक रेडिओ केंद्र आणि सरकारी कारभारावर नजर ठेवणारी बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन ही संस्था यांनी शाळांच्या नोंदी उकरून काढल्या. २०११ ते २०१४ दरम्यान २५ हायस्कूलांमधली निदान २,२०० मुलं दुसरीकडे गेली असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात त्यांनी शाळाच सोडली होती. घरी शिकायला गेला, अशाही नोंदी होत्या. दुसरीकडे गेलेलं मूल मोजणीतून वगळलं जातं, त्यामुळे टक्केवारी आपोआप वाढते. शहराला आकडे दुरुस्त करावे लागले. २०१४ चं प्रमाण ६९.४ वरून ६६.३ वर आलं. दुरुस्तीनंतरही चढण शिल्लक राहिली, पण तेवढ्याने मला समाधान नाही. ज्या आकड्यावर शाळेची इभ्रत ठरते तो आकडा कुणीतरी वाकवणारच. आपल्याला हे नवं नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल टिकवायला नववीतल्या कच्च्या मुलाच्या हातात दाखला ठेवायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस म्हणायचं, हा प्रकार आपल्याकडच्या शिक्षकांना सांगावा लागत नाही. पट स्वच्छ दिसतो, निकाल झळकतो, आणि मूल कुठल्याच यादीत उरत नाही.

म्हणून शाळा सोडून गेलेलं प्रत्येक मूल नव्या शाळेत खरंच दाखल झालं का, याची खात्री होईपर्यंत ते जुन्याच शाळेच्या नावावर मोजलं जावं. असा नियम शिकागोने आधीपासून कडकपणे पाळला असता तर ही नामुष्की टळली असती.

बारावीच्या पुढे

हायस्कूल पूर्ण करणं ही अर्धीच वाट. २००६ मध्ये याच संशोधन गटाने हिशोब मांडला होता की शिकागोत नववीला आलेल्या शंभर मुलांपैकी पंचविशीपर्यंत चार वर्षांची पदवी मिळवणारी मुलं अवघी आठ. २०१४ च्या हिशोबात ती चौदा झाली. जवळपास दुप्पट, आणि तरी शंभरात चौदाच.

कारण रुळावर असणं म्हणजे कसंबसं पास होणं. पदवी पूर्ण करायला ते पुरत नाही. हायस्कूलची सरासरी बी श्रेणीच्या (सर्वोच्च ए, त्याखालची बी) खाली असेल तर पदवी पूर्ण होण्याची शक्यता फार कमी राहते. एलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि कॅली क्लार्क यांनी २०२० मध्ये दाखवलं की पदवी पूर्ण होईल की नाही, हे एसीटीच्या गुणांपेक्षा शाळेतल्या श्रेणींवरून पाचपट ठळकपणे कळतं. एका सकाळच्या परीक्षेत मुलाला काय येतं ते दिसतं. चार वर्षांच्या श्रेणींत ते रोज उठून शाळेत आलं की नाही, दिलेलं काम पूर्ण केलं की नाही, हेही येतं. म्हणून तिथल्या अनेक शाळांनी नववीतच ध्येय उंचावलं आणि पास होण्याच्या जागी बी श्रेणी मागायला सुरुवात केली.

दुसरी गळती कागदांत होती. २००८ च्या एका अभ्यासात दिसलं की चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश मिळूनही मुलं जात नाहीत, आणि त्यातलं एक मोठं कारण सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज. तो भरलेल्यांपैकी ८४ टक्के मुलं कॉलेजला गेली, न भरलेल्यांपैकी ५५. आपल्याकडे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलांना सायबर कॅफेत दिवस घालवताना ज्याने पाहिलं आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, यातलं एक काही अडलं की प्रवेशही अडतो. हे काम शाळेने आपलं मानायला हवं.

पदवीकडे न जाणाऱ्यांसाठीही शहराने काही दारं उघडली. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या शिष्यवृत्तीने चारपैकी तीनची, म्हणजे बी श्रेणीची, सरासरी असलेल्या सरकारी हायस्कूलच्या मुलांना शहराच्या दोन वर्षांच्या कॉलेजात मोफत शिकता येऊ लागलं. २०१२ मध्ये पाच हायस्कूलं अशी सुरू झाली की जिथे हायस्कूलबरोबरच कॉलेजचे श्रेयांक मिळतात आणि उद्योगातल्या कंपन्या सोबत असतात. २०१७ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी त्याहून कडक नियम आणला : २०२० पासून पुढे बारावी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाने कॉलेज, नोकरी, कारागिरीचं प्रशिक्षण किंवा सैन्यभरती यांपैकी कशाचा तरी पुरावा दाखवल्याशिवाय पदवीपत्र नाही. मला हा नियम उलटा वाटतो. एका समुपदेशकामागे शेकडो मुलं असताना पुरावा मात्र मुलाकडून मागायचा. शहराचं खरं यश ज्या कामात होतं तिथे शाळेने मुलाचं नाव घेऊन त्याला शोधलं होतं. इथे ओझं परत मुलाच्याच पाठीवर आलं.

गेल्या जूनपासून मी एक छोटं काम सुरू केलं. आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांमधून आठवी करून आमच्याकडे मुलं येतात, त्यांच्या शाळांमधून आठवीची हजेरी मागवून घेतली. ज्यांची गैरहजेरी वीस दिवसांच्या वर होती अशी अकरा नावं निघाली. गणिताच्या बाई, मी आणि इंग्रजीचे सर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास बसतो आणि फक्त या अकरा जणांबद्दल बोलतो. पहिल्या घटक चाचणीआधी नऊ जणांच्या घरी जाऊन आलो. एका मुलीची सकाळची एसटी बंद झाली होती. एक मुलगा वडिलांबरोबर वीटभट्टीवर जात होता. दोघांचे पत्ते बदललेले निघाले, त्यांचा शोध अजून चालू आहे.